वन्संचं घर ट्रकमधून गेलं

माझ्या नणंदेचं घर लोणावळ्यात तयार झालं आणि ट्रकमध्ये घालून पवनेच्या खोऱ्यात नेलं, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडं नीट बघतो आणि मग हसतो. हसू दे बापडा. तेव्हा मीही हसलेच होते, आणि माझा तर संसारच लाकडाच्या भुशात झालेला.

आमची लोणावळ्यात वखार होती. पुढं लाकूड विकायचं, मागं पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम. मुंबईकरांच्या बंगल्यांची दारं, खिडक्या, व्हरांड्याच्या जाळ्या, कुणाचं कपाट, कुणाचा पाळणा. चांगलं चाललं होतं, आणि आमच्या ह्यांना चांगलं चाललेलं बघवत नसे. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या लाकडी बराकी ह्यांनी एकदा विकत घेतल्या. त्या खोलताना बोल्ट काढले की भिंती सुट्या होत, आवळले की परत उभ्या राहत. बाकीच्या वखारवाल्यांनी असल्या बराकींचं जळण करून विकलं. ह्यांनी त्यातली एक भिंत शेडमध्ये उभी करून ठेवली आणि पुढं कित्येक वर्षं येईल त्याला दाखवली.

घर जागेवर बांधायचंच कशाला, असं ह्यांचं म्हणणं. ते शेडमध्ये करायचं, सावलीत, मापात, पावसाची भीती न बाळगता. मग नेऊन जोडायचं. गवंड्याच्या मागं धावायला नको, चिखल तुडवायला नको, सामान चोरीला जायला नको. हे भाषण मला इतकं पाठ झालं होतं की एकदा ह्यांचा घसा बसला तेव्हा उरलेलं मीच गिऱ्हाइकाला म्हणून दाखवलं. गिऱ्हाइकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन खिडक्या सांगून गेलं.

शेवटी तयार घराला गिऱ्हाईक मिळालं ते घरातलंच. ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्या पवनेकाठच्या एका गावात दिलेल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गाव धरणात जाणार हे नक्की झालं होतं आणि येत्या पावसाळ्यात पाणी ओसरीला लागणार असं सगळे म्हणत होते. वन्संचे थोरले दीर, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं, त्यांनी वरच्या माळावर आपलं नवं घर आधीच उठवलं होतं. दोघा भावांचं जुनं सामाईक घर उतरवून त्यातलं सगळं सागवान त्यांनी तिकडं लावलं. वन्सं उरलेल्या मागच्या पडवीत राहत होत्या. माळावरचा एक तुकडा त्यांच्या वाट्याला होता, पण त्यावर उभं करायला एक खांब नव्हता.

आबा काही वाईट माणूस नव्हते. त्यांना सगळ्यांचं भलं कशात आहे ते कळायचं, आणि म्हणून ते कुणाला काही विचारायचे नाहीत. एकट्या बाईला वेगळं घर हवंय कशाला, आमच्यात राहील, दोन वेळचं जेवेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. वन्संनी त्यांना होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या उठून लोणावळ्याला आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता ह्यांना म्हणाल्या, "त्यांच्यात ऱ्हायले तर मरंस्तवर पाव्हनीच मी. मला माजी चूल पायजे."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वखारीत बंगल्यांची कामं मागं पडली, आणि कधी नव्हे ते मला त्याचा राग आला नाही.

ह्यांनी कागदावर घर काढलं. आमच्याकडं घर खणांनी मोजतात, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. हे घर तीन खणांचं, भिंती फळ्यांच्या, वर मंगलोरी कौलं. प्रत्येक भिंतीचे ठरावीक तुकडे, सगळे एका मापाचे, म्हणजे कुठलाही तुकडा कुठंही बसावा. ह्यांनी कागद वन्संपुढं असा पसरला की जणू साखरपुडाच आहे. वन्संनी तो बराच वेळ बघितला, उलटा धरूनही बघितला, आणि विचारलं की सगळं झ्याक आहे, पण ह्यात चूल कुटं?

बराकीत चूल नसते. शिपायांचं जेवण भटारखान्यात शिजतं. ह्यांनी बराक जशीच्या तशी कागदावर उतरवली होती, आणि जिच्या चुलीसाठी एवढा उपद्व्याप मांडला तिच्या घरात चूल ठेवायचीच राहिली होती. ठेवणार तरी कुठं? चहूबाजूंनी लाकूड, एक ठिणगी उडाली की झालं. मी तोंडाला पदर लावून आत पळाले. आतून मला ऐकू येत होतं, वन्संचं चालूच होतं. दिव्याला कोनाडा कुठं काढायचा? फळीच्या भिंतीत कोनाडा निघत नाही. उखळ कुठं पुरायचं? जातं फिरलं की भिंती हलणार नाहीत ना? शेवटी मागची भिंत दगडमातीची करायची ठरली. म्हणजे गवंडी आला, चिखल आला, आणि गवंड्याच्या मागं धावणंही आलं. पण ही हार आहे असं ह्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही. ती म्हणे सुधारणा होती.

मग आढ्याचं रामायण. छपराचा सगळा भार घेणारं मधलं आडवं लाकूड म्हणजे आढं, ते सबंध आणि सरळ लागतं. तेवढं लांब सागवान कुठं मिळेना, मिळालं ते वाकडं. ह्यांनी काय करावं? पातळ फळ्यांवर सरस फासून, एकावर एक ठेवून, शिकंज्यात आवळून आढं तयार करायला घेतलं. आता लोणावळ्याची हवा मला माहीत. इथं मिठाचं पाणी होतं, पापड वाळता वाळत नाहीत, देवाच्या समया हिरव्या पडतात. सरस काय वाळणार? शिकंजा सोडला तशा त्या फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडल्या. मी फक्त एवढंच म्हणाले की वाचायला बरं आहे. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

मग मुंबईहून कसली तरी नव्या सरसाची पूड आली आणि ती कोरड्या उबेत वाळवावी लागते म्हणून माझी कोळशाची शेगडी शेडमध्ये गेली. आम्ही स्टोव्हवर स्वयंपाक करायचो आणि आढं शेगडीपाशी शेकत बसायचं. माझ्या पहिल्या बाळंतपणात एवढी शेगडी माझ्या वाट्याला आली नव्हती, हे मी ह्यांना बोलून दाखवलं. पण ते दुसरं आढं सुटलं नाही. शिकंजा काढला, उन्हात ठेवलं, पाणी मारलं, तरी ढिम्म.

आबा एकदा मुद्दाम बघायला आले. चिकटवलेलं आढं ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती आणि त्यांना खाली माणसं झोपणार याची काळजी होती. त्यांनी आढ्यावरून बोट फिरवलं आणि ह्यांना हळूच विचारलं की खालून कुणी जोरात शिंकलं तर काय. ह्यांनी दोन लाकडी घोड्यांवर आढं आडवं ठेवलं आणि वखारीतला एकेक गडी त्यावर चढवला. आढं हललं नाही. मग हे स्वतः चढले. मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं. चारचौघांत, आबांच्या देखत, आपल्या बायकोकडं वजनाचं माप म्हणून बघणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. मी चहाचा ट्रे तिथंच ठेवून निघून आले. नंतर कळलं की माझ्याऐवजी सरपणाचा ढीग चढवला आणि आबा गुमान चहा पिऊन गेले.

होळी झाल्यावर घर एकदा वखारीच्या आवारात जोडून बघायचं ठरलं. वन्सं त्यासाठी राहायला आल्या. सकाळी तिथं रिकामं आवार होतं आणि ऊन उतरायच्या आत घर उभं, फक्त कौलं आणि मागची भिंत तेवढी नाही. मी इतकी वर्षं थट्टा केली, पण त्या दिवशी मला ह्यांचा अभिमान वाटला. फळीला फळी अशी बसली होती की मध्ये नख जाईना. लोक बघायला आले. हवा खायला आलेल्या एका मुंबईकरानं मे महिन्यासाठी भाड्यानं मिळेल का म्हणून चौकशी केली. वन्सं आतून बाहेरून फिरत होत्या, फळ्यांवरून हात फिरवत होत्या, कुणाशी फारसं बोलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी गड्यांनी बोल्ट काढले आणि घर पुन्हा फळ्यांचे गठ्ठे होऊन पडलं.

घर न्यायचं म्हणजे काय, हे मात्र शेडमध्ये बसून कुणाला सुचलं नव्हतं. कामशेतपर्यंत पुणे रस्त्यानं ट्रक ऐटीत गेला. कामशेतला वळून आत शिरला आणि एका वडाखाली अडकला, कारण आढं ट्रकपेक्षा लांब होतं आणि पारंब्या त्याला सोडेनात. सुटं घर सोपं असतं, पण त्यातला एक तुकडा तरी असा निघतोच की जो सुटा होत नाही. पवनानगर म्हणजे तेव्हा नुसती धरणावरच्या माणसांची कॉलनी. तिथून पुढं ट्रक जाईना. बैलगाड्या आल्या, आणि जे गाडीत मावेना ते वरच्या वाडीतल्या गड्यांनी डोक्यावर घेतलं. लांबून बघितलं तर भिंती चढावर चालत निघालेल्या. गावातली कुत्री आयुष्यात इतकी भुंकली नसतील.

आम्ही माळावर पोचलो आणि ह्यांनी डोक्याला हात लावला. जोतं आधी घालून ठेवायचं आबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ह्यांनी निरोप पाठवला होता, तीन खणांचं घाला. आबांनी तीन खणांचंच घातलं होतं. पण आबांचा खण आबांच्या घरचा. ते आपल्या नव्या घरात गेले, दोरीनं आपला खण मोजला आणि तीच दोरी माळावर आणली. आमचा खण बराकीचा, लहान. आता दगडाचं भलंथोरलं जोतं आणि त्यावर मध्यभागी बसणारं आमचं घर, बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखं. शेडमध्ये केसाएवढी फट राहिली तर ह्यांनी सुतारांना फाडून खाल्लं होतं. सगळं मापात होतं, आणि जे एक काम शेडमध्ये झालं नव्हतं ते कुणी मापलंच नव्हतं. ह्यांनी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले की मोठं झालं तर बिघडलं काय, पुढंमागं आमचंही दाणागोटा ठेवायला होईल.

त्यातलं आमचंही मला खटकलं. वन्संनी मात्र जोत्याभोवती एक फेरी मारली, उरणारी कड पावलांनी चाचपली आणि सांगितलं की चहूबाजूंनी ओटा होतोय, वाळवणाला बरा. झालं. ह्यांनी लगेच ओट्याचं श्रेयही घेऊन टाकलं.

पण आबांचं काम संपलं नव्हतं. आमच्याकडं घर बांधताना दाराची चौकट सगळ्यात आधी उभी करतात. तिची पूजा जोडप्याच्या हातून होते, आणि ज्या जोडप्यानं चौकट पुजली ते त्या घराचे कर्ते धरतात. पुढं कुठली गोष्ट निघाली की त्यांना विचारायचं, लग्नकार्याला त्यांच्या नावानं अक्षत यायची. वन्सं विधवा. त्यांनी पूजेला बसायचा प्रश्नच नव्हता. आबा नवं धोतर नेसून, पागोटं बांधून आले होते आणि त्यांची बायको, वन्संच्या जाऊबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, ताटात नारळ, हळदकुंकू घेऊन. कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्या गावानं ते गृहीत धरलेलं होतं, आणि ती पूजा झाली की त्या घरात वन्सं पाहुण्याच राहणार होत्या, फक्त छप्पर भावानं पाठवलेलं.

ह्यांच्याही ते ध्यानात आलं. ह्यांनी चाचरत म्हणून बघितलं की आम्ही दोघं बसतो. आबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की सासरच्या जमिनीवरची चौकट माहेरच्यांनी पुजायची रीत नाही. मग ह्यांनी तांत्रिक अडचण काढली, की ह्या घरात आधी कोपरे उभे राहतात, चौकट शेवटी. पण कुठल्याही तुकड्यापासून सुरुवात करता येते हे ह्यांनीच वर्षानुवर्षं जगाला ऐकवलेलं, आबांनाही.

चौकट गोणपाटात गुंडाळून आली होती. गड्यांनी ती जोत्यावर आडवी ठेवली, सुतळ्या कापल्या आणि गोणपाट बाजूला केलं. वरच्या पट्टीवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती, सुकून लाकडात मुरलेली. कोपऱ्याला आंब्याची वाळकी पानं दोऱ्यानं बांधलेली. जाऊबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आबांनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं, आणि मी मान हलवली, कारण मला खरंच काही ठाऊक नव्हतं.

वन्सं बायकांच्या मागं उभ्या होत्या, त्या पुढं आल्या.

"चवकट लोनावळ्यात हुबी ऱ्हायली, आबा," त्या म्हणाल्या. "तवाच पुजा झाली. म्या केली. घर तितं बांधलंय, हितं निस्तं आनलंय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वखारीत घर जोडलं त्या दिवशी सगळे माना वर करून आढं बघत होते, तेव्हा वन्संनी माझ्याकडं कुंकवाचा करंडा मागितला होता, देवाला वाहायचंय म्हणून. मी दिला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी चौकट गोणपाटात गुंडाळली तीही त्यांनीच. नवरा गेल्यापासून ज्या बाईनं कुंकवाला बोट लावलं नव्हतं, आमच्याकडं हळदीकुंकू असलं की जी मागच्या दारानं निघून जायची, तिनं माझ्या करंड्यातलं कुंकू घेऊन, भुशात उभं राहून, एकटीनं आपली चौकट पुजली होती. मला रडू फुटलं. माळावर सगळ्या गावादेखत मी रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आबांना राग आलेला दिसत होता, पण तो काढावा कसा हे त्यांना उमजेना. विधवेनं केलेली पूजा चालत नाही म्हणावं, तर ते भरल्या माणसांत तिच्या तोंडावर म्हणायला लागणार. पुन्हा पूजा करावी, तर एका चौकटीची दोनदा पूजा करत नाहीत, आणि ही रीत गावाला आबांनीच सांगितलेली. घर लोणावळ्यात उभं राहिलंच नव्हतं म्हणावं, तर अर्ध्या लोणावळ्यानं ते बघितलेलं. शेवटी जाऊबाईंनी ताट खाली ठेवलं. झाली ती झाली, म्हणाल्या, ऊन चढतंय, आता उचला. त्या बाईंबद्दल माझं मत त्या क्षणी साफ बदललं.

गड्यांनी चौकट उचलून जागेवर धरली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले, ह्यांनी ओळंबा लावून बघितला. मोठ्या थोरल्या उघड्या जोत्यावर एकटं दार उभं राहिलं. वन्संनी तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर घातलं, उजवा पाय टाकला आणि आत गेल्या. आत म्हणजे तरी कुठं, भिंती अजून गाड्यांमध्ये होत्या आणि डोक्यावर नुसतं आभाळ. तिथं त्या वळल्या, पदर नीट केला.

"या आबा," त्या म्हणाल्या. "बसा."

आबा जोत्याच्या कडेलाच उभे होते. कुठूनही आत जाता आलं असतं, एक पाऊल टाकलं की झालं. पण ते वळसा घालून दारापाशी आले, वहाणा काढल्या, पागोटं सांभाळत मान वाकवली आणि चौकटीतून आत गेले.